मिहिरने भरलेली हवा

"...म्हणजे हवा न काढता हा सांधा लावताच येत नाही? तुमच्या हातचा सांधा, आणि तुम्हालाच लावता येत नाही?"

इनासबाबने मान वर केली नाही. पुढ्यातल्या फळीवर कापडाच्या दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या होत्या, वर कागद होता आणि कागदावरून त्याची इस्त्री हळूहळू सरकत होती. मध्येच थांबलं तर कापड जळतं आणि घाई केली तर सांधा धरत नाही. विचारणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं, पण त्याच्यापाशी धीर उरला नव्हता.

इस्त्री टोकाला पोचली. म्हाताऱ्याने ती उभी करून ठेवली आणि कपाळावरचा घाम पुसला.

"येणा नाय," तो म्हणाला.

"काहीतरी युक्ती असेलच की."

"फुगलेल्या गादीक इस्त्री लावलस तर भोक मोठा जातला. तू तळी लावतस ना? मगे तुका म्हायत आसा. माका कित्याक इचारतस?"

श्रीधर बेंडखळे फळीच्या कडेला टेकला. त्याला माहीत होतं, हे खरंच होतं.

श्रीधर लांज्याकडचा. शेततळ्यांना प्लॅस्टिकचं अस्तर लावून द्यायचा त्याचा धंदा. अस्तराचे तुकडे गरम करून एकमेकांना असे चिकटवायचा, की त्याच्या तळ्यातून पाण्याचा थेंब जात नसे. हे तो स्वतः चारचौघांत सांगायचा, न विचारता सांगायचा, आणि पंचाईत अशी की ते खोटं नव्हतं. त्यामुळे त्याला कोणी टोकतही नसे.

मिहिर त्याचा एकुलता एक मुलगा. कॉलेज संपवून पोरगा वेंगुर्ल्याच्या खाली, दांडेवाडीला एका हॉटेलात कामाला लागला आणि तिथे त्याला लाटांचं वेड लागलं. इनासबाब हाताने हवेच्या गाद्या बनवतो. अशी गादी फुंकून भरायची, छातीखाली धरून दर्यात शिरायचं आणि लाट उठली की तिच्याबरोबर घसरत किनाऱ्याला यायचं. पोरं तिला मॅट म्हणतात. म्हातारा गादीच म्हणतो.

दांडेवाडीत या मॅटचे दोन नेम आहेत. ज्याने दर्यात जायचं त्याने स्वतःच्या तोंडाने ती भरायची. पंप लावायचा नाही, दुसऱ्याकडून भरून घ्यायची नाही. आणि बाहेर आलं की तिथेच, पाण्याकडे तोंड करून, हवा सोडून द्यायची. भरलेली मॅट घरी न्यायची नाही.

दिवाळी उरकून मिहिर कामावर परतला आणि दुसऱ्याच सकाळी मॅट घेऊन दर्यात शिरला. मॅट बाहेर आली. मिहिर आला नाही, आणि पुढेही सापडला नाही.

मित्रांना त्या गडबडीत नेम कुठला आठवायला. त्यांनी मॅट तशीच, फुगलेली, लांज्याला आणून दिली.

आईबापाच्या हाती दुसरं काहीच लागलं नाही. ही मॅट होती, आणि मॅटमध्ये मिहिरने त्या सकाळी भरलेली हवा होती. श्रीधरने ती मिहिरच्या खाटेवर ठेवली आणि तिला कोणी हात लावायचा नाही असं घरात बजावलं. रोज कामावरून आला की तो खाटेपाशी बसायचा, मॅटवर तळहात ठेवायचा आणि मगच जेवायला उठायचा. लोक म्हणत, डोक्यावर परिणाम झालाय. म्हणोत बापडे. श्रीधरच्या लेखी मुलगा अजून सगळाच्या सगळा गेला नव्हता. त्याचा थोडा श्वास घरात होता.

आणि आता परवा त्या मॅटच्या कडेला सांधा किंचित सुटलेला त्याला दिसला. कान लावला, तर आतून बारीक आवाज येत होता.

ज्या माणसाने जन्मभर गळती थांबवली, त्याच्या घरात त्याचा मुलगा गळत होता.

"खय आसा ती?" इनासबाबने विचारलं.

"बाहेर. टेंपोत."

म्हातारा उठला.

टेंपो माडांच्या सावलीत उभा होता. मागच्या हौद्यात गोधड्या अंथरल्या होत्या, त्यांवर मॅट होती आणि मॅटवर ओली गोणपाटं, उन्हाने हवा तापू नये म्हणून. शेजारी श्रीधरची बायको शालन बसली होती. लांज्यापासून ती मागेच बसून आली होती. पुढे बस म्हटलं तर ऐकली नाही. बाई वाळून काडी झालेली, आणि दमेकरी. तिचा श्वास चार हातांवरून ऐकू येत होता.

तिने समुद्राकडे पाठ केली होती.

इनासबाबने गोणपाट बाजूला केलं. मॅटवर तळहात टेकला. दाबला... पुन्हा दाबला. ढोलकीसारखी ताठ होती.

त्याने सुटलेल्या सांध्यावरून बोट फिरवलं. बोट तिथेच राहिलं.

"ही कोणी भरल्यान?"

"म्हणजे काय?" श्रीधर तडकला. "मिहिरने. त्याच दिवशी. त्यानंतर कोणी फुंकरसुद्धा घातलेली नाही."

म्हाताऱ्याने मॅटवरून नजर उचलली आणि शालनकडे पाहिलं. शालनने पदर नीट केला आणि ती रस्त्याकडे बघू लागली.

"घरी घेवन जा," इनासबाब म्हणाला. "आजच जा. काळोख पडायच्या आदी पोच."

"दुरुस्त केल्याशिवाय मी हलणार नाही."

"जा बाबा. ऐक माजा."

"इनासबाब, मी भीक मागायला नाही आलो. सांधा तुमचा सुटलाय." श्रीधरचा आवाज चढला. "तुमच्या हातचा माल इतका कच्चा कसा? माझ्या तळ्यांना वर्षानुवर्षं काही होत नाही."

"तळा खय जाता? थयच आसता."

"म्हणजे?"

"माजो सांधो दर्यात जावन येयसर टिकता. त्येच्या फुडचा मी तेका सांगूक नाय."

हे ऐकून श्रीधरला राग यावा की रडू, हे त्याचं त्यालाच कळेना. त्याने राग निवडला. पुरुषमाणसाला तो सोपा जातो.

"ठीक आहे. तुम्हाला जमत नसेल तर मी करतो," तो म्हणाला. "वाटभर मी विचार केलाय. हिला हात लावायचाच नाही. हिच्या बाहेरून दुसरी पिशवी करायची, तुमच्याच कापडाची. मॅट आत ठेवायची आणि पिशवी चारी बाजूंनी बंद करायची. हिच्यातून जे गळेल ते पिशवीत राहील. घराबाहेर काही जाणार नाही."

इनासबाब त्याच्याकडे पाहत राहिला. युक्ती अक्कलहुशारीची होती, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"आणि पिशवी गळली?"

"माझा सांधा गळत नाही. मला तुमचं कापड द्या आणि तुमची इस्त्री शिकवा. एवढंच मागणं आहे."

"शिकान फुडे?"

"पुढे काय? मुलगा घरी राहील."

म्हाताऱ्याने पुन्हा एकदा टेंपोकडे पाहिलं. मग तो मान खाली घालून कारखान्यात शिरला. कारखाना म्हणजे काय, एक पत्र्याची खोली; तिच्यात लांब फळी, इस्त्री, कापडाचे गठ्ठे आणि कोपऱ्यात म्हाताऱ्याचं अंथरूण आणि चूल.

"बाई थयच बसूंदी गादीकडे," तो जाता जाता म्हणाला. "सावली आसा."

दुपारभर श्रीधर इस्त्री चालवायला शिकला.

कापड नायलॉनचं होतं. आतल्या बाजूने त्याला प्लॅस्टिकचा पातळ थर चढवलेला. दोन थर समोरासमोर आले आणि नेमकी ऊब मिळाली की ते एकजीव होत. श्रीधरच्या हाताला प्लॅस्टिकची सवय होती, पण हे कापड नाजूक होतं. जरा ऊब जास्त झाली की आकसायचं. पहिली पट्टी जळली. दुसरीला सुरकुती पडली. म्हातारा श्रीधरच्या मनगटाखाली आपली दोन बोटं धरून बसला आणि मनगट जड झालं की ते वर उचलायचा.

तिसरी पट्टी जमली. म्हाताऱ्याने ती दोन्ही हातांनी ओढली, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली.

"माज्यापरास बरो," तो म्हणाला.

श्रीधरची छाती फुगली. दिवाळीनंतर पहिल्यांदा त्याला स्वतःबद्दल बरं वाटलं, आणि लगेच त्या बरं वाटण्याची लाज वाटली.

भिंतीला एका गिऱ्हाइकाची मॅट टेकून ठेवली होती. म्हाताऱ्याने ती तपासायला भरली होती. श्रीधरने सहज तिला हात लावला, तर ती मध्येच वाकून लोंबली.

"ही कमी भरली आहे," श्रीधर म्हणाला.

"नाय. बरोबर आसा."

"अशी लुळी?"

"घट भरली तर लाट तिका उडवन टाकता. मऊ ठेवली की लाटेवांगडा वाकता. मानूस वर रवता." म्हाताऱ्याने मॅटची दोन्ही टोकं मुठीत धरून पिळली. तिने लगेच अंग वळवलं. "ह्या मिहिराक पयल्याच दिसा समाजला. तो मऊ भरी. बरो होतो तो."

मुलाचं नाव म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि श्रीधरने मान फिरवली. तो इस्त्रीकडे बघत राहिला.

"पण आमची तर ताठ आहे," तो थोड्या वेळाने म्हणाला.

म्हाताऱ्याने कात्री उचलली.

"शेवटच्या दिवशी जास्त भरली असेल," श्रीधरने स्वतःची समजूत घातली. "घाईत असेल."

कात्री कापडातून चालत राहिली.

थोड्या वेळाने श्रीधर उठला. "एकदा मॅट बघून येतो. उन्हाने..."

"इस्त्री तापली आसा. बस."

"दोन मिनिटं..."

"बस म्हटलंय ना!"

म्हातारा पहिल्यांदाच ओरडला. श्रीधर बसला. शिकायला आलोय तर ऐकून घ्यायला हवं, असं त्याला वाटलं. बाहेर टेंपोत शालनला खोकल्याची उबळ आली, बराच वेळ थांबेना. म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले होते.

दिवेलागणीला पिशवीच्या तीन बाजू लागल्या. सांधे असे देखणे उतरले होते, की श्रीधरला त्यांच्यावरून पुन्हापुन्हा बोट फिरवावंसं वाटत होतं. आता मॅट आत सरकवायची आणि चौथी बाजू बंद करायची. दोघांनी मिळून मॅट टेंपोतून उचलून आणली. घट्ट होती, ताठ होती. ती फळीवर ठेवली आणि श्रीधरने इस्त्रीकडे हात नेला, तेवढ्यात लाइट गेली.

"आता नाय येवची," म्हातारा म्हणाला. "सकाळी येतली."

"मग सकाळी करू. मॅट इथेच राहू दे. रात्रीची हलवाहलव नको."

शालन दारात उभी होती. "मी इथेच पडते," ती पटकन म्हणाली. "मॅटपाशी. मला कसलंही अंथरूण चालेल."

"इथे? हा जळक्या प्लॅस्टिकचा वास घेत? दमा उसळला तर आडगावात डॉक्टर कुठे शोधू?"

"काही होत नाही मला. अहो, एक रात्र तर आहे..."

"शालन, हट्ट करू नकोस."

"रवांदी तिका," इनासबाब मध्ये पडला. "मी खिडकी उघडी ठेवतंय. मी भायर पडवीत निजान."

"नको, इनासबाब. तुम्ही केलंत तेवढं पुष्कळ झालं. हिची काळजी घ्यायला मी आहे ना."

म्हाताऱ्याच्या सुनेचं घर वरच्या आळीत होतं. तिने दोघांना जेवू घातलं, अंथरूण दिलं. वाटेत शालन सारखी मागे वळून बघत होती. तिला मुलाची आठवण येत असेल, असं श्रीधरला वाटलं. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "उद्यापासून काळजी नाही. आता तो कायमचा आपल्याकडे."

शालनने पुन्हा मागे वळून कारखान्याकडे पाहिलं.

त्या रात्री श्रीधरला गाढ झोप लागली. इतक्या दिवसांत लागली नव्हती अशी.

आणि म्हणूनच तो लवकर जागा झाला. एरवी त्याच्या आधी शालन उठायची. आज ती पहाटेपर्यंत टक्क जागी असणार, नेमका शेवटी डोळा लागलेला. श्रीधरने तिला उठवलं नाही. बिचारी दमली असेल, झोपू दे, असं म्हणून त्याने चपला हातात घेतल्या आणि तो आवाज न करता बाहेर पडला. आळी उतरताना तो चौथ्या सांध्याचा विचार करत होता. कुठून सुरुवात करायची, मनगट कुठे हलकं ठेवायचं.

कारखान्याचं दार उघडंच होतं. लाइट आली होती. इनासबाब चुलीपाशी पाठमोरा बसला होता.

श्रीधर फळीपाशी गेला आणि थांबला.

फळीवर कापड पडलं होतं. नुसतं कापड, सपाट, जमिनीवर सुकत टाकलेल्या साडीसारखं. मिहिरच्या छातीखाली झिजलेला भाग तेवढा वेगळा दिसत होता.

श्रीधरने त्याला हात लावला. तळहाताखाली फळी लागली.

हवा भरायच्या तोंडाचं बूच घट्ट बंद होतं, हे त्याला दिसलंच नाही. दिसण्याच्या पलीकडे गेला होता तो.

"सोडलीत?" त्याने म्हाताऱ्याला विचारलं. "तुम्ही... सोडलीत?"

म्हातारा वळला. श्रीधरच्या मागे, दारात, शालन येऊन पोचली होती. जाग आल्याबरोबर ती धावत सुटली असावी. चौकट धरून उभी होती, तोंड उघडं, छाती लोहाराच्या भात्यासारखी वरखाली होत होती. तिला एक शब्द बोलता येत नव्हता.

इनासबाबने तिच्याकडे पाहिलं. मग श्रीधरकडे.

"व्हय," तो म्हणाला. "मीच सोडली."

"का? का म्हणून विचारतोय मी! तुमचा नेम, होय? बाहेर आलं की सोडून द्यायची? अहो, तो आलाय का बाहेर? आला का तो?"

म्हाताऱ्याने मान खाली घातली.

"एवढीच शिल्लक होती माझ्याकडे! घरी ठेवली, जपली, इथे विश्वासाने आणली, आणि तुम्ही रात्रीत..." श्रीधरने म्हाताऱ्याला सदऱ्याला धरून उभं केलं. म्हातारा हलका होता, सहज उठला. "मुलगा मारलात माझा. दर्याने एकदा, तुम्ही एकदा."

"व्हय," म्हातारा म्हणाला.

श्रीधरचा हात उगारला गेला. इनासबाबने चेहरा वळवला नाही, हातही आडवा धरला नाही. मार खायची तयारी करून आल्यासारखा उभा राहिला.

"अहो..." दारातून घरघर ऐकू आली. "त्यांनी... नाही."

"तू मध्ये पडू नकोस!"

"त्यांनी नाही सोडली. ती... तशीच जाते."

श्रीधरचा हात वर होता, तो तिथेच राहिला.

"रोज जाते," शालन म्हणाली. एकेक शब्द तिला ओढून काढावा लागत होता. "रात्रभरात... अशीच होते. मी पहाटे उठून भरते. तुम्ही उठायच्या आत. दुपारी एकदा... तुम्ही यायच्या आधी परत."

चुलीवर चहा उतू गेला. कोणी उठलं नाही.

"काल?" श्रीधरने विचारलं.

"टेंपोत. वाटेत... आणि इथे दुपारी."

"कधीपासून?"

"आणली त्याच आठवड्यात बसली होती ती. तुम्ही कामावर होतात. मी खोलीत गेले, तर..." ती भिंतीला टेकून खाली बसली. "तुम्ही जेवत नव्हतात हो. पाणीसुद्धा घेत नव्हतात. त्या मॅटवर हात ठेवायला लागलात तेव्हा कुठे दोन घास खायला लागलात. मला वाटलं, आता हे येऊन हात ठेवतील आणि हाताला काहीच नाही लागलं तर... म्हणून भरली. एकदाच भरायची होती. मग दुसऱ्या दिवशीही तेच."

श्रीधरने म्हाताऱ्याचा सदरा सोडला.

"आत त्याचा थोडा उरला होता तेव्हा," शालन म्हणाली. "पहिल्यांदा फुंकताना जिवावर आलं माझ्या. माझा घातला की त्याचा पातळ होणार... पण तुम्हाला उपाशी तरी किती बघू?"

तिला पुन्हा खोकला आला. तो ओसरेपर्यंत दोघे पुरुष जागचे हलले नाहीत.

"किती भरायची, हे कुठे माहीत होतं मला? जीव जाईतो भरायचे. गच्च. तुमच्या हाताला कमी लागू नये म्हणून."

श्रीधरची नजर सुटलेल्या सांध्यावर गेली. गळती थांबवणारा माणूस तो. किती ताणाने काय उसवतं हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. त्याने तो सांधा बोटांत धरला आणि सोडून दिला.

बाजूलाच पिशवी पडली होती. तीन बाजू बंद, चौथी उघडी. आत भरायला काही नव्हतं.

तो फळीच्या पायाशी खाली बसला. रडायला हवं होतं, पण रडू येईना. मिहिर आज गेला नव्हता, काल गेला नव्हता. तो केव्हाच गेला होता आणि हे घरात शालनला एकटीला माहीत होतं. तिने ते इतके दिवस एकटीने छातीत धरलं होतं, त्याच छातीतून फुंकत होती आणि संध्याकाळी त्याला ताट वाढत होती. या विचाराने श्रीधरला बायकोकडे बघवेना. तो म्हाताऱ्याकडे बघू लागला.

"तुम्हाला कालच कळलं होतं."

इनासबाबने होकारार्थी मान हलवली.

"मग मघाशी 'मी सोडली' असं का म्हणालात? मार खाल्ला असतात माझ्या हातचा."

म्हातारा चुलीपाशी गेला. उतू गेलेलं भांडं त्याने खाली उतरवलं, राख सारखी केली.

"इनासबाब..." श्रीधरचा आवाज आता अगदी बारीक झाला होता. त्यात तळ्यांचा ठेकेदार नव्हता, कालचा शिकाऊही नव्हता. "एक सांगा. मी रोज संध्याकाळी तिथे बसत होतो. हात ठेवत होतो. मिहिरशी बोलत होतो मी, दिवसभराचं सगळं सांगत होतो. आणि मला हाताखाली जाणवायचं हो, खरंच जाणवायचं, की कोणीतरी आहे. तो नव्हता... तर मी इतके दिवस कोणाजवळ बसत होतो?"

दाराशी शालनचा श्वास अजून लागलेला होता. खोलीत तेवढाच आवाज होता.

म्हाताऱ्याने मडक्यातून तांब्या भरला आणि श्रीधरच्या हातात दिला.

"आदी तिका पाणी दी."